जोड कायमचा की खोलायचा?

नौदलातून निवृत्त होऊन दिग्रसला परतलो, तेव्हा मनात एक इच्छा पक्की होती. अरुणावती धरणाच्या पाण्यावर शिडाची नाव चालवायची. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. अरुणावती, पूस, बेंबळा या नद्यांवर धरणं आहेत आणि दक्षिणेची सीमा धरून पैनगंगा वाहते. मुंबईच्या एका शौकीन गृहस्थांनी त्यांची जुनी लाकडी ‘एंटरप्राइज’ मला दिली. जॅक होल्ट यांनी १९५६ साली इंग्लंडमध्ये आखलेली ही दोघांची नाव. लांबी जेमतेम चार मीटर, शिडं निळी. भारतात शीड हाकायला शिकलेल्या कित्येकांनी धडे गिरवले ते याच जातीच्या नावेवर.

या नावेचा जीव तिच्या सेंटरबोर्डात असतो. वारा बाजूने आला की शीड नावेला पुढे नेतं, तसंच आडवंही सरकवतं. ते सरकणं अडवायला एक लांब फळी नावेच्या मधोमध असलेल्या पेटीतून खाली पाण्यात उतरते. ती एका बोल्टवर फिरते, उथळ पाणी आलं की वर ओढून घेता येते. माझ्या नावेतली फळी पाणी पिऊन फुगली होती, तिचे थर सुटले होते. पेटी जिथे तळाला जुळते तिथूनही पाणी झिरपत होतं. म्हणजे फळी नवी करायची, पेटी पुन्हा बसवायची आणि बोल्टची जागा बंद करायची. तिन्ही ठिकाणी चिकटवायला काय वापरायचं, हा खरा प्रश्न होता.

सेंटरबोर्ड उघडा ठेवून विचार करत बसलो असताना धरणावर जाळी टाकणारे एक वयस्कर भोई काका पाहायला आले. त्यांचा जन्म डोंग्यांच्या फटींत कापूस ठासून वरून डांबर ओतण्यात गेला. मी सगळीकडे जास्तीत जास्त मजबूत काय बसेल याचा हिशोब सांगत होतो. ते ऐकून घेऊन म्हणाले, “पक्कं करून राह्यले ते ठीक हाय भाऊ, पण उद्या हे खोला लागलं त कसं करसान?” त्या एका प्रश्नाने माझं सगळं काम ओळीला लागलं. प्रत्येक जोडापाशी थांबून आधी ठरवायचं, हा जोड पुन्हा कधी उघडावा लागेल का? चिकटपदार्थ त्यानंतर निवडायचा.

फळीतले जोड कधीच उघडायचे नव्हते. त्यासाठी घेतलं आपल्याच जिल्ह्यातलं सागवान. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून तो पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. पण तेच तेल चिकटपदार्थाला धरू देत नाही. उपाय एकच: पट्ट्यांच्या कडा ताज्या रंधून, जाड सँडपेपरने खरखरीत करायच्या, ॲसिटोनने पुसायच्या आणि ॲसिटोन उडताच लगेच चिकटवायच्या. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

फर्निचरचा पांढरा गोंद इथे कामाचा नाही. त्याच्या पाणी सोसणाऱ्या जातीसुद्धा ओलसर जागेसाठी असतात, कायम पाण्यात बुडून राहणाऱ्या फळीसाठी नाहीत. या गोष्टीची किंमत जगाने मोठ्या कामांत मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान लाकडाचं होतं. त्याचे जोड आधी दुधातल्या केसीनच्या सरसाने केले जात. दमट हवेत तो टिकेना, म्हणून युरिया-फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला. युद्धानंतर प्लायवूड आणि असे जलरोधक सरस सामान्य माणसाच्या हातात आले, आणि घरच्या पडवीत नाव बांधता येऊ लागली. एंटरप्राइज त्याच काळाची लेक.

मी निवडलं इपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर असं दोन भागांचं. ते फटही भरतं आणि पाण्यालाही पुरून उरतं. पण आमच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो. खोल पेल्यात कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. म्हणून पहाटे काम, थोडंथोडं मिश्रण, आणि तेही पसरट ताटलीत. हातमोजे न चुकता, कारण याची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की सुटत नाही. शिकंजे आवळायचे तेही बेताने. सगळं इपॉक्सी पिळून बाहेर काढलं तर जोड कोरडा राहतो. पुढे उन्हात तापून ते मऊ पडू नये म्हणून फळीला पांढरा रंग दिला.

पेटी आणि तळ यांचा जोड वेगळा. नाव लाटेवर किंचित वळते, तिथे कडक पदार्थाला तडा जाऊ शकतो. म्हणून तिथे स्क्रू आणि पॉलियुरेथेन सीलंट. गाडीच्या पुढच्या काचा बसवणारे याच कुळातला पदार्थ वापरतात. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे मुंबईत लवकर धरणारा सीलंट आमच्या कोरड्या उन्हाळ्यात रेंगाळतो. मी नावेभोवती ओली गोणपाटं टांगली आणि त्याला पुरेसा वेळ दिला.

आता राहिला बोल्ट. फळी कधीतरी काढावीच लागणार. म्हणून इथे मजबुती नको, फक्त पाणी अडायला हवं. फळीतलं भोक आधी मोठं पाडलं, इपॉक्सीने भरलं आणि त्यातून बोल्टच्या मापाचं भोक पुन्हा पाडलं. बोल्टभोवतीचं लाकूड आता पाण्याला दिसतच नाही. बाहेरून वायसरखाली ब्यूटाइल टेप बसवला. तो कधी कडक होत नाही, आणि नट सोडला की जोड सुटतो. स्वस्त सिलिकॉन मी नावेजवळ येऊ दिलं नाही. त्याचा अंश लाकडात राहिला की पुढे तिथे रंग धरत नाही आणि इपॉक्सीही धरत नाही.

लाकडी नाव एका माणसाच्या हयातीत संपत नाही. ती दुसऱ्याच्या हाती जाते आणि त्याला ती खोलावी लागते. म्हणून बसायच्या फळीखाली मी ऑइलपेंटने लिहून ठेवलं आहे: कोणत्या जोडाला काय लावलं, केव्हा लावलं, आणि कोणता जोड उघडण्यासाठी आहे. तुम्ही कोणतीही नाव दुरुस्त करा, हे लिहून ठेवल्याशिवाय हत्यारं आवरू नका.