पाण्याच्या वाटेने

मुलुंड (पश्चिम)
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय दादा,


वहिनीचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. कंबरलँडला पोचल्यावरचा तुमचा फोटो मी आईला मोठा करून दाखवला. "या वयात?" एवढंच म्हणाली, आणि मग शेजारच्या काकूंना दाखवायचाय म्हणून फोन घेऊन गेली ती तासाभराने परत आली.

डिसेंबरात येतोयस, तर मुंबईत मोटारी नसलेला, झाडीतून जाणारा, तळ्याकाठचा, मुरमाचा एखादा रस्ता शोधून ठेव, असं तू लिहिलंस. घरातले सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण बरीच वर्षं मीही तोच शोधतेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या त्या वॉशिंग्टन ते कंबरलँड कालव्याकाठच्या वाटेची माहिती मी वाचून काढली. कालवा खणला माल आणि कोळसा वाहायला. बोटी ओढणाऱ्या खेचरांना चालता यावं म्हणून काठाने वाट केली. १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद पडला. पुढे त्या जागेवर मोटाररस्ता करायचं घाटत होतं आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर आव्हान दिलं, की आधी माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. मार्च १९५४ मध्ये ते खरंच कंबरलँडहून वॉशिंग्टनकडे चालत निघाले. वृत्तपत्राने मत बदललं, आणि १९७१ मध्ये सगळा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. तुम्ही दोघं जे जवळजवळ तीनशे किलोमीटर गेलात, त्यामागे हे सगळं आहे.

मला त्यातून एक गोष्ट उमगली. ती वाट सायकलसाठी कुणी केलेलीच नव्हती. ती कामाची वाट होती. खेचराला झेपेल इतकाच तिला चढ होता, म्हणून ती आज तुमच्या गुडघ्यांना झेपते. काम संपलं आणि वाट उरली. मग मी मनाशी विचार केला, की आपल्या उपनगरांत मोटारींसाठी न केलेल्या वाटा कुठल्या? उत्तर घरातच होतं. बाबांची सगळी नोकरी पाणी खात्यात गेली, हे तू विसरला नसशील.

विहार तलावाचं पाणी शहराला १८६० मध्ये मिळालं. तुळशी १८७९ मध्ये बांधून झाला, पवई १८९१ मध्ये. ते पुरेना तेव्हा थेट शहापूर तालुक्यात तानसा धरण बांधलं, १८९२ मध्ये. विहार आणि तुळशीचं पाणी स्वच्छ राहायचं तर वरच्या डोंगरांवर वस्ती आणि शेती होऊ देऊन चालणार नव्हतं, म्हणून पाणलोट राखला गेला. आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आणि ठाण्यापर्यंत जे शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं नॅशनल पार्क उभं आहे, त्याच्या पोटात हे दोन तलाव आहेत. बिबट्या, सांबर, कारवी हे सगळं आपल्याला मिळालं ते बऱ्याच अंशी पाण्याच्या पहाऱ्यामुळे. आणि तानशाचा मोठा नळ मुलुंड, भांडुपवरून शहरात येतो. नळाच्या कडेने गळती बघत फिरणाऱ्या माणसांसाठी पायवाट होती. तासावर भाड्याने आणलेली सायकल आपण कैची मारत शिकलो ती तिथेच, नळाच्या सावलीत. गाडीघोड्याची भीती नाही म्हणून आई तिथे सोडायची.

तर आपल्याकडची मोटारीविना वाट ही पाण्याने राखलेली वाट आहे. आता तुला नेणार कुठे ते सांगते.

पहिली सकाळ बोरिवलीला, पार्कात. मुख्य फाटकापासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, मुरमाचा नाही, आणि पार्काच्या गाड्या अधूनमधून जातात; पण सकाळी लवकर गेलं की पानं पडल्याचा आवाज येतो. सुरुवातीला दहिसर नदीची सोबत असते. ही नदी तुळशीतून निघते आणि पार्काबाहेर पडताच तिचं काय होतं ते मी लिहीत नाही, तू बघशीलच. शेवटचा चढ दमवतो. कारवी यंदा फुललेली नसेल. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला.

कान्हेरीला मात्र घाईने जाऊ नकोस. लहानपणी शाळेच्या सहलीत आपण तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि मोठे बुद्ध पाहून डबे उघडले होते. आता पाणी बघ. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात कोरलेलं टाकं. वरच्या कातळावर पावसाचं पाणी वळवून आणणारे बारीक पाट खोदलेले आहेत, एकातून भरलं की दुसऱ्यात जाईल असे. भिक्षूंनी हजार वर्षं इथे राहून दाखवलं ते या टाक्यांच्या जोरावर. शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं कोरली आहेत, त्यांत कल्याण आहे आणि सोपाराही. म्हणजे बंदरातून निघालेले व्यापारी हा डोंगर चढून यायचे. त्यांच्या वाटेचं दुसरं टोक तुला तिसऱ्या दिवशी दाखवते. तुळशीचा काठ मात्र सर्वांना खुला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. पिण्याचं पाणी आहे ते.

दुसरी सकाळ घराजवळ, पाइपलाइनवर. याबद्दल मला जास्त लिहायचंय. तानशाच्या नळाच्या दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर जागा सुरक्षेसाठी मोकळी करावी, असे उच्च न्यायालयाचे आदेश झाले. मोकळ्या झालेल्या जागेवर महापालिकेने सायकल आणि चालण्याचा मार्ग आखला: मुलुंडपासून धारावीपर्यंत, घाटकोपर, शीवकडचे फाटे धरून, एकूण ३९ किलोमीटर. नाव ठेवलं 'हरित वारी जलतीरी'. कल्पना वाचली तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. पूर्व उपनगरं एका सिग्नलविना जोडायची, तीही बाबा ज्या वाटेने फिरायचे तिच्यावरून! काही तुकडे झाले. सलग धागा अजून व्हायचाय. मधे नाला येतो, चौक येतो, की सायकल उचलून मोठ्या रस्त्यावर यावं लागतं.

पण दादा, ती जागा रिकामी नव्हती. तिथे हजारो घरं होती. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना चेंबूरच्या पलीकडे माहुलला पाठवलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या हवेने माणसं आजारी पडू लागली. २०१८ च्या अखेरीपासून लोक विद्याविहारला पदपथावर बसले, बायका-मुलांसह, महिनोन् महिने. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, आणि ज्यांना पाठवलं त्यांना महिना १५,००० रुपये भाड्यापोटी द्यावेत. नळ सुरक्षित हवा हे मला मान्य आहे, त्यावर अख्खं शहर जगतं. पण ज्यांची घरं गेली त्यांना त्याच परिसरात घर मिळायला हवं होतं. आणि हे मी केवळ दयेपोटी म्हणत नाही. या शहरात रोज सायकल चालवतं कोण? पहाटेचा पाववाला, इडलीवाला, दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन. तुझ्या-माझ्यासारखे हेल्मेट घालून रविवारी निघतात. ही माणसं ट्रकच्या चाकाशेजारून रोज जातात. तो ३९ किलोमीटरचा मार्ग खरा त्यांचा आहे. त्यांनाच तिथून उठवून लांब टाकलं, तर त्यावर सायकल चालवणार कोण?

पवईचं तू वाचलं असशील. तलावाला वळसा घालणारा सुमारे दहा किलोमीटरचा सायकल मार्ग करायला घेतला होता. काठावर, काही ठिकाणी पाण्यातच, जाळीत बांधलेले दगड टाकून. आमच्या सायकलवाल्या मित्रमंडळींत आनंदीआनंद होता. आयआयटीतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. मंडळी हळहळली. मी त्या निकालाच्या बाजूने आहे आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. पवईच्या मगरी त्या काठावर ऊन खातात, काठाच्या चिखलात पक्षी चरतात. पाण्याने राखलेल्या वाटेवरून जाणं वेगळं, आणि वाटेसाठी पाणी बुजवणं वेगळं. डग्लस खेचरांनी मळलेल्या वाटेवरून चालले. वाटेसाठी त्यांनी नदीत भराव घालायला सांगितलं नव्हतं.

आता तर जंगलाखालूनही मोटारी जाणार आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी पार्काखाली पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे, शिवाय ठाणे-बोरिवली वेगळे. एवढं बळ मोटारींमागे लागतं, मग नळाशेजारच्या वाटेला नाल्यावर एखादा लहानसा पूल का मिळू नये, हे मी प्रत्येक सभेत विचारते.

तिसरा दिवस वसईचा. पहाटेच्या विरार लोकलने जाऊ. नालासोपाऱ्याचा स्तूप आधी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धाच्या लहान मूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच मिळाला. कान्हेरीला दान देणारे लोक इथले. तिथून निर्मळ, भुईगाव, गिरीज अशा गावांतून वसईच्या किल्ल्यापर्यंत वाड्यांमधल्या गल्ल्यांनी जायचं. दोन्हीकडे केळी, जास्वंद, विहिरी, कौलारू घरं, वळणावर क्रूस आणि पुढच्या वळणावर देऊळ. गाड्या अगदीच नाहीत असं नाही, पण गल्ली इतकी अरुंद, की मोटारच सायकलला वाट देते. वाटेत कुणाकडे सुकेळी मिळाली तर आईसाठी घेऊ. किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेवर तू मला व्याख्यान देणार, ते मी ऐकून घेईन.

या गल्ल्या टिकल्या त्याही पाण्यामुळेच. बागायती उठवून इमारती उभारायला निघालेल्यांपुढे आणि विहिरींचं पाणी टँकरने उपसणाऱ्यांपुढे इथले लोक उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांच्या पुढे होते. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, हे आठवत असेल. २०२४ च्या जुलैत ते गेले. ही हरित वसईची चळवळ झाली नसती तर तुला या गावांतून सायकलवर नेण्यासारखं काही उरलं नसतं.

सामानाचं: तुझी घडीची सायकल आण, लोकलच्या सामानाच्या डब्यातून सोयीची पडेल. टायर जरा जाड लाव. पार्क सोमवारी बंद असतं, त्यामुळे तिकीट काढताना मधले वार बघ. वहिनीला कान्हेरीचा चढ नको असेल तर ती आणि आई बसने वर येतील.

आणि माझं एक काम. नळाच्या वाटेचे तुटलेले तुकडे जोडावेत म्हणून महापालिकेला सविस्तर निवेदन लिहायला घेतलंय. तुमच्या वाटेची माहिती मला हवी: रुंदी किती, खडीचा थर किती जाड, पावसाचं पाणी कुठे काढून दिलंय, पूर येऊन गेल्यावर दुरुस्ती कोण आणि कुणाच्या पैशातून करतं. तिथल्या उद्यानाच्या माणसांना भेटून विचार आणि निघण्याआधी कळव. इथे जानेवारीत अंदाजपत्रकाची तयारी सुरू असते, त्याआधी ते कागद वॉर्ड ऑफिसात पोचायला हवेत.

तुझी,
धाकटी