रजा संपते, पाळणाघर उघडत नाही

संपादकांनी लेख मागताना अट घातली: कलमं कमी, माणसं जास्त. कामगार कायद्याची वकिली करणाऱ्या बाईला ही अट जड जाते, कारण हा प्रश्न कलमांच्या फटीतच अडकला आहे. तरी एका माणसापासून सुरुवात करते.

यंदा पावसाळ्यात एक निवासी डॉक्टर माझ्याकडे आली. एम.डी.चं दुसरं वर्ष, मुलगी सात महिन्यांची. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आई परगावी नोकरीत. तिच्या रुग्णालयात पाळणाघर आहे, परिचारिकांची मुलं तिथे असतात. तिचा अर्ज मात्र परत आला. सोय कर्मचाऱ्यांसाठी आहे, तुम्ही विद्यार्थिनी आहात, असं उत्तर मिळालं. त्याच रुग्णालयात ती रात्र-रात्र वॉर्ड सांभाळते. "मॅडम, कायदा माझ्या बाजूने आहे का?" तिने विचारलं. प्रामाणिक उत्तर "अर्धा" असंच होतं.

1961च्या मातृत्व लाभ कायद्याने 'स्त्री'ची व्याख्याच वेतनावर काम करणारी, थेट किंवा एजन्सीमार्फत नेमलेली स्त्री अशी केली. विद्यावेतन हे वेतन धरायचं की नाही, यावर भांडता येतं. मी भांडेनही. पण निकाल लागेपर्यंत ती मुलगी शाळेत जाऊ लागलेली असेल. पीएच.डी. करणाऱ्या मुलींची अडचण हीच. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना 240 दिवसांची रजा दिली, प्रबंधाची मुदत दोन वर्षांनी वाढवून दिली. चांगलंच केलं. पण प्रयोगशाळेतला प्रयोग, ग्रंथालयातली दुपार, मार्गदर्शकाची अवेळी ठरलेली भेट यांना रजेचा काय उपयोग? अशा मुलीला काम थांबवायचं नसतं, चालू ठेवायचं असतं. आपल्याकडे रजा दिली की संस्थेला आपलं कर्तव्य संपल्यासारखं वाटतं, आणि इतक्या वर्षांच्या वकिलीत याच समजुतीशी माझं सगळ्यात जास्त भांडण झालं आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या वादाकडे येते. 1948च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती तीसपेक्षा जास्त *स्त्रिया* कामाला असतील तर होती. म्हणजे बायकांची भरती तिसाच्या आत ठेवली की खोलीही नको आणि दाईही नको. 2017च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात 11अ हे कलम आलं आणि निकष बदलला: 50 किंवा अधिक *कर्मचारी*, पुरुष धरून. हा बदल लहान दिसतो, पण सगळा अर्थ त्यात आहे. बायका कमी घेऊन आता सुटका होत नाही. 2025च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 50चाच आकडा आहे. तरीही आजसुद्धा कंपन्यांचे अधिकारी मला सांगतात, "आमच्याकडे बायका दहाच आहेत, आम्हाला लागू नाही." मी कलम वाचून दाखवते. मग पुढचा प्रश्न येतो, खर्च कोणाचा? यावर 11अ गप्प होतं. खोली मालकाची आणि महिन्याची फी आईच्या पगारातून, अशी तडजोड मग सर्रास होते. माझ्या मते ती कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, कारण फी परवडेना झाली की नोकरी सोडते ती आईच.

दुसरी फट साध्या गणिताची आहे. 26 आठवड्यांच्या रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते घेतले तर मागे अठरा उरतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा मूल चार महिन्यांचं असतं. सरकारच्या 'पाळणा' योजनेत मूल घेतात ते सहा महिन्यांपासून. मधले दोन महिने कोणाच्या भरवशावर काढायचे? उत्तर ठरलेलं: आजी. आजीच्या गुडघ्यांवर, आजीच्या राहिलेल्या आयुष्यावर एवढी मोठी व्यवस्था उभी आहे आणि आपण तिला संस्कृती म्हणतो, याचा मला खरोखर राग येतो.

लोकांचे गैरसमजही थकवणारे आहेत. पाळणाघर पाहायला गेलेले आईबाप पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. भीती समजते. पण कॅमेरा झालेलं दाखवतो, होऊ देत नाही असं नाही. विचारायचं ते हे: एका ताईकडे किती मुलं? ताई वर्षभर टिकतात का? त्यांना पगार किती? तान्ह्या मुलाला रोज नवा हात नको असतो, आणि तुटपुंज्या पगारावर ताई टिकत नाहीत. जी बाई दुसऱ्या बाईला कामावर जाऊ देते तिचं स्वतःचं काम मात्र आपण अकुशल धरतो.

हे सगळं अशक्य आहे, असं मला कोणी सांगू नये. मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजूर बायकांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशची सुरुवात केली. पुढे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही अशी पाळणाघरं चालली. विटा-सिमेंटच्या धुळीत जे जमलं ते वातानुकूलित इमारतीत जमत नसेल तर अडचण जागेची नाही.

त्या डॉक्टरसाठी मी अर्ज लिहून दिला. त्यात हक्काचा मुद्दा आहेच, पण त्यापुढे एक साधी मागणी आहे: 'कर्मचारी' या शब्दासोबत 'प्रशिक्षणार्थी व विद्यार्थिनी' असे शब्द संस्थेने स्वतःच्या ठरावात घालावेत आणि रात्रपाळीतही खोली उघडी ठेवावी. कायदा किमान काय ते सांगतो. त्याहून जास्त द्यायला तो कोणाला मनाई करत नाही.

वाचकांत महाविद्यालयांचे विश्वस्त असतील, रुग्णालयांचे अधिष्ठाते असतील, कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी असतील. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घ्या. आणि नोकरीला लागणाऱ्या मुलींनो, पाळणाघराच्या सोयीची माहिती नेमणुकीच्या वेळी लेखी देणं मालकावर बंधनकारक आहे. ती मागून घ्या, मूल होण्याच्या कितीतरी आधी.