स्नेहाचा हिशेब

‘स्नेह’ या शब्दाला आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत, ही मला नेहमींच मोठ्या गमतीची गोष्ट वाटत आली आहे. तेलतुपालाहि स्नेह म्हणावयाचें आणि जिव्हाळ्यालाहि स्नेहच. वरणभातावर आग्रहानें तुपाची धार धरणाऱ्या गृहिणीला विचारा. हे दोन अर्थ निराळे आहेत, हें तिला मुळींच पटणार नाहीं!

याच स्नेहकुळांतलें कोलेस्टेरॉल आज घरोघरीं बदनाम झालें आहे. वस्तुतः तें कांहीं जन्माचें खल नव्हे. पेशींच्या आवरणाला, कांहीं हॉर्मोन्सना आणि पित्तरसाला तें हवेंच असतें, आणि त्याचा बराचसा भाग आपलें यकृतच तयार करतें. परंतु अति तेथें माती! १९१३ सालीं रशियांत आनिच्कोव्ह यांनीं सशांना कोलेस्टेरॉल खाऊं घातलें, तेव्हां त्यांच्या रोहिणींच्या भिंतींत त्याचे थर सांचलेले दिसले. पुढें ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनीं यकृताच्या पेशी रक्तांतलें ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल कसें टिपून घेतात, हें उलगडलें. १९८५ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हे टिपणारे हात कांहीं घराण्यांत जन्मतःच अपुरे असतात. असा दोष आईबापांपैकीं एकांत असला, तर तो प्रत्येक मुलांत उतरण्याचा संभव निम्मा असतो.

माझा धाकटा भाऊ अंगानें सडपातळ होता. रोज पहांटे टेकडी चढे. चव्वेचाळिसाव्या वर्षीं तो हृदयविकारानें गेला. त्याचें रक्त कधीं तपासलें गेलें नव्हतें, कारण तपासण्याजोगें कांहीं कोणाला दिसलेंच नव्हतें. गेल्या वर्षीं त्याची मुलगी मला म्हणाली, “काका, मला तर कांहींच होत नाहीं. मग उगीच सुई कशाला टोचून घ्यायची?”

कांहींच होत नाहीं, हेंच तर तपासण्याचें कारण! दांत किडला कीं ठणकतो, ताप आला कीं अंग तापतें. वाढलेलें कोलेस्टेरॉल मात्र कसलीहि तक्रार करीत नाहीं. आंकड्यावांचून त्याला दुसरी भाषा नाहीं. दुकान नफ्यांत चाललें असतांनाहि शहाणा व्यापारी वही उघडून पाहतोच. निरोगी प्रौढानेंहि दर चारसहा वर्षांनीं ही वही उघडावी, आणि ज्याच्या घरांत असा अकाळीं मृत्यु झाला असेल त्यानें तर विलंबच करूं नये.

तिनें अखेर रक्त दिलें. निरोगी माणसाचें एलडीएल दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आंत असावें. तिचें २१० निघालें. एवढा आंकडा केवळ पथ्यानें खालीं येत नाहीं, म्हणून डॉक्टरांनीं स्टॅटिनची गोळीहि दिली. १९७० नंतरच्या दशकांत जपानच्या अकिरा एन्दो यांना एका बुरशींत सांपडलेल्या द्रव्यापासून या औषधांचा वंश सुरू झाला.

आतां ती आमच्याकडे जेवावयास आली, कीं तिच्या पानांत तूप बेताचेंच पडतें. ती थोडी रुसते. रुसूं दे बापडी! स्नेहाचा दुसरा अर्थ तिला ठाऊक आहे.