पाद्र्याची वही

दापोलीला जुनी माणसं अजून काप दापोली म्हणतात. 1818 साली कोकण इंग्रजांच्या हाती गेलं आणि इथे लष्कराची छावणी पडली. छावणीमागून चर्च आलं, पाद्री आला. हा अँग्लिकन पाद्री सरकारी पगारावरचा. धर्मप्रसार हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. गोऱ्या पलटणीची रविवारची प्रार्थना, दवाखान्यातल्या आजाऱ्यांची विचारपूस, बाप्तिस्मा, लग्न, दफन, आणि त्या प्रत्येकाची वहीत नोंद. नोंदींच्या नकला मुंबईमार्गे लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

छावणी उठली, चर्च ओस पडलं. मी याच गावात वाढलो, पण गोऱ्यांच्या दफनभूमीत पाय ठेवला तो मोठेपणी, एका पावसाळ्यानंतर. घाणेरीचं रान कोयत्याने तोडत आत शिरलो. एका दगडावरचं शेवाळ खरवडलं तेव्हा अक्षरं दिसू लागली. एका बाळाचं नाव होतं आणि वय नुसतं महिन्यांत. त्या आईबापांसाठी जीव कळवळला. पाठोपाठ आमच्या घरातला माणूस आठवला.

आजोबांचे चुलते मराठा पलटणीतून पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले, ते परतले नाहीत. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात तिथल्या कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. हॅरोल्ड स्पूनर हा लष्करी पाद्रीही त्यांच्याबरोबर होता. शरणागतीनंतर तोही तुर्कांच्या कैदेत गेला. पुढे या मोहिमेत मेलेल्यांचं बसऱ्याला स्मारक झालं. ब्रिटिश सैनिकांची नावं त्यावर कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणवार आकडा आला, नाव नाही. शंभर वर्षं झाली तरी हे मला पचत नाही. तान्ह्या बाळाचं नाव टिकवण्याची शिस्त असलेल्या साम्राज्याला आपल्यासाठी मेलेल्या शिपायाचं नाव जड झालं!

पण दापोलीतल्याच दुसऱ्या एका पाद्र्याचं ऋण मी मानतो. रेव्हरंड आल्फ्रेड गॅडनी हे मिशनरी. 1701 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या एस.पी.जी. या मिशनचे. दापोलीच्या मिशन शाळेला आज त्यांचंच नाव आहे, आम्ही तिला ए. जी. हायस्कूल म्हणतो. भारतरत्न पां. वा. काणे इथूनच 1897 साली मॅट्रिक झाले. पालगडचे साने गुरुजीही इथेच शिकले. माझंही नाव याच शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. कोकणातल्या पोरांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहून घेणारी ही वही मला छावणीतल्या वहीपेक्षा मोठी वाटते.

त्या शिपायांची नावंही आता आपणच लिहून घ्यायला हवीत. तुमच्या घरी पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक, पेन्शनचा कागद, पलटणीचा बिल्ला असेल तर तो कोणाचा, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. नाव, गाव, पलटण लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीत, शाळेत त्याची एक प्रत द्या.