हरणाला घोडा म्हणणारे

चिनी भाषेत चार अक्षरांच्या म्हणींचे मोठे भांडार आहे. त्यांपैकी एक, कायद्यावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या मनात घर करून राहिली आहे. ‘हरणाकडे बोट दाखवून त्याला घोडा म्हणणे’ हा तिचा शब्दार्थ. जाणूनबुजून खऱ्याचे खोटे करणे हा रूढ अर्थ.

तिचा उगम सिमा च्येन या इतिहासकाराच्या ग्रंथात सापडतो. इ. स. पूर्व २०७ मध्ये छिन घराण्याच्या दुसऱ्या सम्राटाचा प्रधान झाओ गाओ याच्या मनात राज्य बळकावण्याचे आले. दरबारी कितपत मुठीत आहेत हे अजमावण्यासाठी त्याने सम्राटापुढे हरीण आणविले आणि हा घोडा आहे असे सांगितले. सम्राट हसला व त्याने भोवतालच्यांना विचारले. कोणी गप्प राहिले. कोणी प्रधानाची मर्जी राखण्यासाठी ‘घोडा’ म्हणाले. कोणी ‘हरीण’ म्हणाले.

येथे आपल्या पंचतंत्रातील ब्राह्मण आठवतो. तीन ठकांनी त्याच्या खांद्यावरील बोकडाला कुत्रा ठरविले आणि त्याने तो टाकून दिला. परंतु तो बिचारा फसला होता. छिनच्या दरबारात कोणीच फसले नव्हते. ठकांना बोकड हवा होता. झाओ गाओला हरीण नको होते, घोडाही नको होता. त्याला माणसे निवडून काढावयाची होती.

‘हरीण’ म्हणणाऱ्यांना त्याने पुढे कायद्यात गुंतवून त्यांचा काटा काढला. तो स्वतः कायद्याचा जाणकार. हा सम्राट राजपुत्र असताना त्याला कायदा त्यानेच शिकविला होता. वकिलाने येथे क्षणभर थांबावे.

तरीही मला अधिक अस्वस्थ करतात ते गप्प राहिलेले. खोटा साक्षीदार उलटतपासणीत सापडतो. गप्प बसणारा पिंजऱ्यात येतच नाही. देवस्थानांच्या सभांतही मी हे पाहिले आहे. हिशेब वाचला जातो, ‘कोणाची हरकत?’ असे विचारले जाते, मंडळी सतरंजीकडे पाहतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. बाहेर पायऱ्यांवर मात्र प्रत्येकाला हरीणच दिसलेले असते!

पूर्वेकडील बंडखोर काही करू शकणार नाहीत, असे प्रधान सम्राटाला वारंवार सांगत असे. हरणाच्या प्रसंगानंतर ते खोटे आहे असे सांगण्यास कोण पुढे येणार? त्याच वर्षी सम्राटाला आत्महत्या करावी लागली, प्रधानही मारला गेला, आणि लवकरच राज्य बंडखोरांच्या हाती गेले. तोंड न उघडलेल्यांचेही राज्य तेच होते.