दुसरी कमान

कल्याणच्या बाजारात गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून बघतं ते तो लाल आहे का एवढ्यासाठी. एम.एस्सी.च्या वर्षी मी मासा घ्यायचो तो मात्र कल्ल्यांसाठीच. आधी पैसे वाचवायला नुसती मुंडकीच मागितली.

"मांजरी पाळल्यास का रं बाला?" मासळीवाली मावशी म्हणाली.

प्रयोगशाळेत मुंडकं उघडलं तर सगळा चिकट लगदा. मासा मेला की मला हवे असलेले कल्ल्यांवरचे परोपजीवी किडेही फार तग धरत नाहीत, हे पुस्तकात होतं. मी ते पान उलटून पुढे गेलो होतो.

मग मोहन्याला उल्हास नदीवर गळ टाकणाऱ्या एका काकांकडून जिवंत चिलापी घ्यायला लागलो. रंगाच्या रिकाम्या बादलीतून रिक्षाने आणायचो. पाणी डचमळून सीट भिजायची आणि रिक्षावाल्याची बोलणी कॉलेजच्या फाटकापर्यंत पुरायची.

कल्ल्याचं झाकण कापलं की एका बाजूला चार कमानी, प्रत्येकीवर फणीच्या दातांसारख्या तंतूंच्या दोन रांगा. आठही कमानी वेगवेगळ्या बशांत. सूक्ष्मदर्शकाखाली आधी काहीच दिसत नाही. मग एक तंतू स्वतःहून हलल्यासारखा वाटतो. तो तंतू नसतोच. अर्ध्या मिलिमीटरचा सिक्लिडोगायरस नावाचा किडा लांब होतो, आखडतो, पुन्हा चाचपडतो. पुढे डोळ्यांचे चार काळे ठिपके, मागच्या चकतीवर चार मोठे आणि चौदा बारीक आकडे. चिलापी मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. हा तिच्या अंगावरूनच आलेला पाहुणा.

मोजायला बसलो की गर्दी बहुधा मधल्या दोन कमानींवर. कमानी चार, मग दाटी तिथेच का? सर म्हणाले, श्वासाचं पाणी तिथून जास्त वाहतं, अळ्या त्याबरोबर येऊन अडकतात. पटलं. पण मग शेजारचे तंतू मोकळे असताना तिघं एकाच तंतूला का चिकटतात? क्लाउस रोडे यांनी 1979 साली मांडलेलं म्हणणं नंतर वाचलं: परोपजीवी थोडक्या जागेत राहतात ते जोडीदार भेटावा म्हणून. किडा उभयलिंगी असला, तरी त्यालाही बहुधा दुसरा लागतो. डोंबिवलीला रोज सकाळी लोकलच्या जिन्याजवळ येणाऱ्या डब्यात कोंबून घेणारा मी. पण जिना हे निम्मंच कारण, आमचा ग्रुपही त्याच डब्यात असायचा. तेव्हापासून मला रोडेच जास्त पटतात, माझ्या मूठभर माशांनी काहीच सिद्ध केलं नसलं तरी.

प्रबंध झाल्यावर मावशीला सगळं सांगितलं. किडे थोडे असतील तर माशाला फारसं जाणवत नाही; तळ्यात दाटीने पाळलेल्या माशांवर माजले की कल्ले बुळबुळीत होतात, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. तिने पुढचा मासा फळीवर घेतला, बोट घालून दोन्हीकडचे कल्ले उपटले आणि खालच्या टोपलीत टाकले.

"ह्ये तं आमी फेकूनच देतो."