आधी नाक

आदिलाबादेत फाल्गुन लागला की मोहाचा वास आधी येतो, झाड मागाहून दिसतं. नाकाचा मान पहिला, हे शेळी व्यायली की आणखी पटतं. करडू पडलं की ती ते चाटून काढते, हुंगते, घशातल्या घशात बारीक आवाज करते. करडू लटपटत उभं राहतं, आईच्या पुढच्या पायांत, काखेत, जांघेत तोंड खुपसत एकदाचं सडाला लागतं. पहिल्या काही तासांत त्याचा वास आईच्या नाकात बसला की परक्या करडाला ती सरळ ढुशी देते. म्हणून पोरकं पिल्लू दुसरीला लावताना मेंढपाळ तिच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं त्याच्या अंगावर चढवतात. फसवायचं असतं ते नाकालाच.

करडू निदान पाच महिने पोटात असतं. तांबड्या कांगारूचं पिल्लू 33 दिवसांत जन्मतं. वजन ग्रॅमभरही नाही, डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढच्या पायांना तेवढी नखं. त्यांवर ते आईच्या केसांतून पिशवीपर्यंत चढतं. आई उचलून घेत नाही. आई चाटून त्याला वाट करून देते, असं पूर्वी मानत. ती निव्वळ साफसफाई निघाली. मग वाट कोण दाखवतं? नाकपुड्या उघड्या असतात, पण मेंदूतला वासाचा कंद कच्चाच. त्याचे थर पुढे पिशवीत घडतात. म्हणून काही अभ्यासक चढणीचं श्रेय तोलाला आणि स्पर्शाला देतात, काही वासाला. करडू पाहिलेल्या माणसाला दुसरा पक्ष पटायचा, तसा मलाही पटतो.

पिशवीवाले प्राणी आपल्याकडे नाहीत. पण जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात प्राणहितेच्या खोऱ्यात ज्युरासिक काळाचे थर आहेत. नाव मात्र पलीकडच्या सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचं. या कोटा थरांतल्या दातावरून 1981 साली पी. एम. दत्तांनी ‘कोटाथेरियम’ हा भारतातला पहिला ज्युरासिक सस्तन प्राणी नोंदवला. पिशवीवाले आणि वारवाले ही भाऊबंदकी तेव्हा झालेलीच नव्हती. त्याच सुमाराच्या, चीनमध्ये मिळालेल्या इवल्या कवट्यांचं क्ष-किरण चित्रण 2011 साली प्रसिद्ध झालं. सस्तनांचा मेंदू वाढू लागला तो मुख्यतः वासाच्या भागापासून, असं त्यातून दिसलं. आमच्याकडे निघाले ते सुटे दात, माती चाळणीत धुऊन वेचलेले. एखादी कवटी निघालीच, तर बाकीचे दात मोजत बसोत. मी आधी नाकपुडी बघेन.